सरकारी जागा आणि लोकांचीं घरें

ज्युबिली हा शब्द आपण उत्सवाच्या अर्थानें वापरतों. पताका, मिस्सा, मिरवणूक, भोजन आणि स्मरणिका असें त्याचें रूप आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु ज्या शब्दापासून तो निघाला, तो 'योबेल' हा शब्द जुन्या करारांत मुख्यत्वें जमिनीच्या संबंधानें आला आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. लेवीय ह्या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत इस्राएल लोकांस अशी आज्ञा आहे कीं, विकली गेलेली शेतजमीन पन्नासाव्या वर्षीं मूळच्या घराण्याकडे परत जावी. कारण जमीन अखेर परमेश्वराची, आणि माणसें तिच्यावर केवळ पाहुणीं. त्याच अध्यायांत पुढें एक बारीक कलम आहे. तटबंदीच्या नगरांतील घर विकलें गेलें आणि एका वर्षाच्या आंत सोडवून घेतलें नाहीं, तर तें घेणाऱ्याचें कायमचें होई. योबेल वर्षींही तें परत मिळत नसे. उलट ज्या गांवांस तट नाहीं, त्यांतील घरांची गणना शेतांबरोबर होई, आणि तीं योबेल वर्षीं मोकळीं होत. शहरांतील घर आणि गांवांतील घर ह्यांस दोन निराळे नियम लागतात, हें इतक्या प्राचीन काळींही लोकांस उमगलें होतें.

हें कलम आजच मनांत येण्याचें कारण असें कीं, कळंबा हें गांव सध्यां त्या दोन नियमांच्या मधोमध उभें आहे. कोल्हापूर शहरास पूर्वीं तट होता. तट गेला, वेशी गेल्या, गंगावेस, शनिवारवेस अशीं नांवें तेवढीं उरलीं. शहराच्या दक्षिणेस असलेल्या कळंब्यास तट कधींच नव्हता. सरकारी दप्तरांत ह्या गांवाचें नांव 'कळंबे तर्फ ठाणे' असें आहे, आणि त्या जुन्या नांवांतच शेतसाऱ्याचा व पाटील-कुळकर्ण्यांच्या जमान्याचा वास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत संस्थानानें येथें तलाव बांधून त्याचें पाणी शहरास नेलें. मध्यवर्ती कारागृहही येथेंच आहे. शहरानें कळंब्याकडून प्रथम पाणी घेतलें, मग आपले बंदिवान कळंब्यास पाठविले, आणि शेवटीं घरें बांधण्यासाठीं जागा मागितली, असें थोडक्यांत म्हणतां येईल. तलाव सार्वजनिक, कारागृह सार्वजनिक, रस्ता सार्वजनिक. आणि ह्या सार्वजनिक वस्तूंच्या आधारानेंच भोंवतालच्या खाजगी जमिनींस आजचा भाव आला. पाणी, रस्ता आणि शांतता हीं नसतीं, तर येथें प्लॉट कोणी घेतला असता?

ह्या लेखांत एकाच गोष्टीचा विचार करावयाचा आहे. जी जागा सर्वांची म्हणून राजाच्या, सरकारच्या किंवा नगरपालिकेच्या ताब्यांत असते, ती लोकांस घरांसाठीं दिली जाते, तेव्हां ती कोणत्या अटीवर दिली जाते. आणि ज्यांच्यासाठीं दिली, तेच तिच्यावर पुढें राहतात कीं दुसरे? जागा किती एकर होती हा प्रश्न आमच्या मतें दुय्यम आहे. एकरभर जागेवर शंभर वर्षें गरिबांस आसरा मिळाल्याचीं उदाहरणें आहेत, तशीं शेंकडों एकरांवरून त्यांस हुसकून लावल्याचींही आहेत.

आरंभ आपल्या संस्थानापासूनच करूं. १८९१ सालीं मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला. आगगाडी जुन्या शहराच्या पूर्वेस, दाट वस्तीच्या बाहेर येऊन थांबली. शाहू छत्रपतींनीं १८९४ सालीं राज्याधिकार हातीं घेतला आणि दुसऱ्याच वर्षीं, १८९५ सालीं, स्टेशनाजवळ शाहूपुरी ही पेठ वसविली. करवीर प्रांताच्या गुऱ्हाळांतून निघणारा गूळ मोठ्या बाजारांत पोहोंचण्यास आगगाडी आली होती. परंतु तो सांठविण्यास वखार आणि सौदा करण्यास पेढी हवी होती. जागा संस्थानची आणि बांधकामाचा पैसा व्यापाऱ्यांचा, अशी ही जोड होती. आजच्या भाषेंत हिला मोठमोठीं नांवें आहेत. तेव्हां तिला पेठ वसविणें म्हणत, आणि ती विद्या आपल्याकडे पेशवाईच्याही आधींपासून चालत आलेली आहे. पुढें राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत लक्ष्मीपुरी, राजारामपुरी अशा नव्या वस्त्या वाढल्या. राजारामपुरीच्या गल्ल्यांस नांवांऐवजीं पहिली, दुसरी, तिसरी असे आंकडे मिळाले, तेव्हां कित्येक जुन्या माणसांस तें रुक्ष वाटलें असेल. पण परक्या माणसास पत्ता सांपडतो, हा गुण त्यांत आहेच.

परंतु शाहू महाराजांच्या हातून जें खरें मोठें काम ह्या दिशेनें झालें, तें पेठेचें नव्हे, तें वसतिगृहांचें. महाराजांचें चरित्र लिहिणारे ह्या वसतिगृहांकडे शिक्षणाचा विषय म्हणून पाहतात, आणि तें योग्यच आहे. आमच्या दृष्टीनें तो घराचाही विषय आहे. त्या काळीं खेड्यांतील हुषार मुलास कोल्हापुरांत शाळा मिळे, शिष्यवृत्तिही मिळे. मिळत नसे ती राहण्यास खोली. घरमालक जात विचारी आणि दार लावून घेई. ही अडचण फी माफ करून सुटण्यासारखी नव्हती. म्हणून महाराजांनीं जागा, इमारती आणि वार्षिक नेमणुका देऊन एकामागून एक वसतिगृहें उभीं करविलीं. १९०१ सालीं मराठा व जैन, १९०६ सालीं मुसलमान, १९०७ सालीं लिंगायत, १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठीं मिस क्लार्क होस्टेल, आणि १९१५ सालीं इंडियन ख्रिश्चन होस्टेल. आपल्या वाचकांनीं हें शेवटचें नांव अवश्य लक्षांत ठेवावें. ख्रिस्ती मूठभर आहेत म्हणून त्यांस वगळावें, असें त्या राजाच्या मनांत आलें नाहीं.

दसरा चौकाभोंवतीं फिरणाऱ्या माणसास ह्यांपैकीं अनेक इमारती आजही दिसतात. शहराच्या ऐन मोक्याच्या जागीं, जेथें चौरस फुटाचा भाव ऐकून छाती दडपते, तेथें खेड्यांतील मुलें राहून शिकत आलीं. ह्याचें कारण काय? जागा व्यक्तीस दिली नव्हती, संस्थेस दिली होती. विक्रीसाठीं दिली नव्हती, उपयोगासाठीं दिली होती. एखाद्या सरदारास इनाम म्हणून तीच जमीन मिळाली असती, तर तिच्यावर आज काय उभें असतें, तें सांगण्यास ज्योतिषी नको. जातवार वसतिगृहें काढल्यानें जातिभेद दृढ झाला, असा आक्षेप घेणारे तेव्हांही होते व आजही आहेत. त्या आक्षेपांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्या मुलास त्या रात्रीं झोंपावयास छप्पर हवें होतें, त्याच्यापुढें तो आक्षेप फिका पडतो.

आतां जी हकीकत सांगावयाची, ती आपल्या मंडळींतील वृद्धांनीं ऐकली असेल. तरुणांपैकीं फार थोड्यांस ती ठाऊक असते. ती कॅथलिक लोकांची आहे, आणि कोल्हापूरच्या भूमीवरची आहे.

१९३९ सालीं जर्मनी व सोव्हिएत रशिया ह्यांनीं दोन बाजूंनीं पोलंड देश गिळला. १९४० व १९४१ ह्या वर्षांत रशियाच्या अंमलाखालीं गेलेल्या भागांतून लाखों पोलिश माणसें मालगाड्यांत कोंबून सैबेरियांत व कझाकस्तानांत हद्दपार करण्यांत आलीं. पुढें जर्मनीनें रशियावरच स्वारी केली, तेव्हां त्यांची सुटका झाली. आणि १९४२ सालीं जनरल अँडर्स ह्यांच्या सैन्याबरोबर त्यांतील कांहीं इराणांत येऊन पोहोंचलीं. धडधाकट पुरुष लढाईवर गेले. उरल्या त्या बायका, मुलें आणि म्हातारीं माणसें. नवानगरच्या जामसाहेबांनीं आपल्या संस्थानांत बालाचडी येथें पोलिश मुलांस आश्रय दिला, ही गोष्ट बरीच प्रसिद्ध आहे. त्याहून पुष्कळ मोठी वसाहत १९४३ सालीं कोल्हापूर संस्थानांत, पंचगंगेच्या कांठीं वळिवडे येथें उभी राहिली, हें मात्र कोल्हापूरकरांसही कधीं कधीं नव्यानें सांगावें लागतें.

तेथें सुमारें पांच हजार पोलिश लोक राहत होते. लांबच लांब बराकींच्या रांगा, वर कौलें, आंत कुटुंबाकुटुंबास वेगळी जागा, अशी रचना होती. शाळा होत्या, दवाखाना होता, टपालघर होतें, नाट्यगृह होतें आणि अर्थातच चर्च होतें. व्यवस्था हिंदुस्थान सरकारची, खर्च लंडनमध्यें असलेल्या पोलिश सरकारचा आणि भूमि कोल्हापूरची. ज्यांनीं दोन हिवाळे बर्फांत काढले होते, त्यांस आमच्याकडील वैशाख कसा वाटला असेल कोण जाणे! पण रविवारीं घंटा वाजली म्हणजे आपल्या भाषेंत मिस्साची गाणीं म्हणावयास जागा होती, मुलांस आपल्या भाषेंत शाळा होती, आणि रात्रीं कोणी दार ठोठावून उठवून नेईल ही भीति नव्हती. घर ह्या शब्दाचा अर्थ इतका तरी असतोच.

तथापि ती जागा त्यांची नव्हती, आणि तसा कोणाचा समजही नव्हता. लढाई संपेपर्यंत, असा तो करार होता. लढाई संपली, पण पोलंड कम्युनिस्टांच्या हातीं गेला आणि ज्यांचीं गांवें रशियानें आपल्या नकाशांत ओढून घेतलीं, त्यांस परत जावयास ठिकाणच उरलें नाहीं. कांहीं मायदेशीं गेले, पुष्कळसे इंग्लंडास व इतरत्र पांगले. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली. कांहीं जण मात्र कोल्हापूरच्या मातींतच विसावले. त्यांच्या कबरी येथें आहेत.

रिकाम्या बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहींत. १९४७ च्या फाळणीनें सिंधमधून निघालेल्या हिंदू कुटुंबांस सरकारनें ठिकठिकाणच्या छावण्यांत आणून उतरविलें. कल्याणच्या लष्करी छावणीचें १९४९ सालीं उल्हासनगर झालें, तसें वळिवड्याच्या पोलिश छावणीचें गांधीनगर झालें. एकाच छपराखालीं आधीं एक देश हरवलेले लोक राहिले, मग दुसरा देश हरवलेले. परंतु दोहोंच्या स्थितींत एक फरक होता. पोलिश माणूस उद्यां जाण्यासाठीं आला होता. सिंधी माणसास जावयास जागाच नव्हती. त्याला बराकींतील बिऱ्हाड पुरेना. त्याला हक्काचा कागद हवा होता. १९५४ सालीं भारत सरकारनें निर्वासितांच्या नुकसानभरपाईचा व पुनर्वसनाचा कायदा केला आणि सरकारी घरें व जागा त्यांत राहणाऱ्या निर्वासितांस मालकीनें देण्याची वाट त्यानें मोकळी झाली. मालकी मिळते तेव्हां माणूस भिंतीस चुना लावतो, मग भिंत पाडून दुकान काढतो. गांधीनगर आज कापडाच्या घाऊक व्यापाराची पेठ म्हणून दूरवर प्रसिद्ध आहे. २०१९ सालीं पोलिश पाहुण्यांच्या उपस्थितींत वळिवड्यास स्मृतिस्तंभाचें अनावरण झालें, तेव्हां भोंवतीं कापडाचे ट्रक उभे असतील, तर त्यांत विसंगत असें कांहीं नाहीं. शाहूपुरी पेठ म्हणून वसली. गांधीनगर छावणी म्हणून वसलें आणि पेठ झालें.

कोल्हापूरच्या ह्या उदाहरणांत जागा मोकळी होती, किंवा निदान फारशी भरलेली नव्हती. जेथें सरकार भरलेल्या वस्तींत हात घालतें, तेथें काय होतें, हें पाहावयाचें तर मुंबईस गेलें पाहिजे. आपल्यांपैकीं पुष्कळ घराण्यांतील माणसें पोटासाठीं तिकडे गेलेलीं आहेत, आणि शाहू महाराजांच्या चरित्रांतूनही एक वाट तिकडे जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळ येथें ज्या चाळींत राहत होते, त्या चाळींत जाऊन महाराजांनीं त्यांची भेट घेतली होती. आणि मार्च १९२० मध्यें संस्थानांतील माणगांवच्या परिषदेंत दोघे एका व्यासपीठावर आले, हें सर्वांस माहीत आहे. ती चाळ खाजगी घरमालकाची नव्हती. ती मुंबईच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टची होती.

हा ट्रस्ट प्लेगचें अपत्य. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग प्रगट झाला. दाट, अंधाऱ्या, कोंदट वस्त्यांवर त्याचें खापर फुटलें. आणि १८९८ सालीं कायदा होऊन शहर सुधारण्यासाठीं हें मंडळ स्थापन झालें. सरकारच्या व म्युनिसिपालिटीच्या मोकळ्या जागा त्याच्या हवालीं करण्यांत आल्या, खाजगी जागा सक्तीनें घेण्याचा अधिकारही त्यास मिळाला. त्यानें जुन्या वस्त्या पाडून हवेशीर रस्ते काढले आणि उत्तरेस दादर-माटुंग्याकडे नवीं उपनगरें आंखलीं. रस्ते उत्तम झाले, ह्यांत शंका नाहीं. परंतु ज्यांचीं बिऱ्हाडें मोडलीं, ते हमाल आणि गिरणीकामगार माटुंग्याच्या नव्या प्लॉटांवर राहावयास कसे जाणार? काम गोदींत आणि गिरणींत. रोज इतक्या लांबून येणें परवडणार कोणास? ते शेजारच्याच गल्लींत, आधींच भरलेल्या खोल्यांत, आणखी दाटीनें शिरले. ट्रस्टनें त्यांच्यासाठीं चाळी बांधल्या. पण पाडणें आधीं आणि बांधणें मागाहून, असाच बहुधा क्रम राहिला. प्रिन्सेस स्ट्रीट हा रुंद रस्ता कावेलच्या जुन्या कॅथलिक वस्तीवरून गेला, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथें राहिलेलीं ख्रिस्ती कुटुंबें हळूहळू पांगलीं. चर्च राहिलें, पॅरिश विरळ झाली. हा अनुभव आपल्या समाजानें विसरूं नये.

त्याच ट्रस्टच्या जागेवर एक निराळाही प्रयोग झाला. १९१५ सालीं गांवदेवी येथें सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी निघाली. जागा ट्रस्टकडून भाडेपट्ट्यानें, भांडवल सभासदांचें, आणि इमारत सर्वांची मिळून. एकेकट्यास घर घेणें अशक्य असलेले कारकून व शिक्षक ह्या रीतीनें घरवाले झाले. १९१८ सालीं वांद्र्यास साल्सेट कॅथलिक को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. कॅथलिकांनीं सहकार्याची ही वाट इतक्या लवकर धरली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण स्पष्ट बोलावयाचें तर, ह्या सोसायट्या ज्यांच्या गांठीं कांहीं होतें, त्यांच्या होत्या. स्वयंपाकीण, गवंडी आणि आया ह्यांस त्यांत प्रवेश नव्हता. असला तरी तो कागदावर.

गरिबांसाठीं मोठ्या प्रमाणावर बांधण्याचें काम १९२० नंतर मुंबई सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानें अंगावर घेतलें. संकल्प पन्नास हजार खोल्यांचा होता, आणि त्यासाठीं मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीवर एक रुपया कर बसविला होता. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें २०७ चाळी होऊन काम थांबलें. सिमेंट काँक्रीटच्या भिंती, उन्हाळ्यांत तव्यासारख्या तापणाऱ्या. भाडें कामगारास जड. आणि त्यामुळें कित्येक खोल्या आरंभीं रिकाम्याच पडून राहिल्या. सत्याग्रहाच्या दिवसांत वरळीच्या कांहीं चाळींचा उपयोग सरकारनें तुरुंगासारखा केला, ह्यावरून त्यांच्या बांधणीची कल्पना यावी. तरीसुद्धां त्याच एकखणी खोल्यांत पुढील ऐंशी-नव्वद वर्षें मराठी कष्टकऱ्यांच्या चार-चार पिढ्या वाढल्या.

ह्या चाळींचा पुनर्विकास राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, म्हणजे 'म्हाडा'च्या, हातीं आला. वरळींत १२१, नायगांवांत ४२ आणि डिलाइल रोड, म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग, येथें ३२ अशा १९५ चाळींच्या जागीं उंच इमारती बांधून प्रत्येक कुटुंबास ५०० चौरस फुटांचें घर मालकीनें, विनामूल्य द्यावयाचें, असा हा बेत. ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाश्यांच्या हातीं पडल्या. पैसा कोठून? त्याच सरकारी जमिनीच्या उरलेल्या भागावर विकाऊ इमारती बांधून. ही युक्ति वाईट नाहीं. जागेचा भाव हाच खजिना, आणि तो जुन्या भाडेकऱ्याच्या कामीं लावला. परंतु ही युक्ति एकदांच चालते. विकलेला भाग गेला तो गेला. नव्यानें शहरांत येणाऱ्या गरिबाच्या वांट्यास त्यांतून कांहीं येत नाहीं.

गिरण्यांच्या जमिनींचें तर झालें तें सर्वश्रुत आहे. १९९१ च्या नियमाप्रमाणें गिरणीच्या जागेचा विकास करतांना एक तृतीयांश जागा महानगरपालिकेस मोकळ्या मैदानांसाठीं, एक तृतीयांश म्हाडास घरांसाठीं, आणि उरलेली मालकास, अशी वांटणी होती. २००१ सालीं नियमांत फेरफार होऊन ही वांटणी केवळ रिकाम्या असलेल्या जागेपुरती राहिली. बांधकाम असलेली जमीन तींतून सुटली. एका शब्दाच्या फरकानें किती एकर हातचे गेले! सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं तो फेरफार कायम ठेवला. त्याआधीं २००५ सालीं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानें आपल्या ताब्यांतील पांच गिरण्यांच्या जागा लिलावानें विकल्याही होत्या. मालक सरकारी, जागा सार्वजनिक. तरी कामगाराच्या घरासाठीं भांडावें लागलें. शाहू महाराजांनीं १९०६ सालीं स्थापिलेली कोल्हापूरची शाहू मिलही अखेर बंद पडली. म्हणून हा प्रश्न केवळ मुंबईचा, असें कोणी समजूं नये.

येथें एका परदेशी उदाहरणाचा मोह आवरत नाहीं. जर्मनींतील आउग्सबुर्ग शहरांत याकोब फुग्गर नांवाच्या धनाढ्य कॅथलिक सावकारानें सोळाव्या शतकाच्या आरंभीं गरीब कॅथलिक कुटुंबांसाठीं 'फुग्गराय' ही वसाहत बांधली. १५२१ सालीं तिचें दानपत्र झालें. वर्षाचें भाडें एक ऱ्हेनिश गुल्डन ठरलें, आणि तें आजही तेवढेंच, म्हणजे एका युरोहूनही कमी आहे. शिवाय दात्याच्या आत्म्यासाठीं रोज तीन प्रार्थना म्हणावयाच्या. ही खाजगी देणगी, सार्वजनिक मालमत्ता नव्हे, हें खरें. पण पांचशें वर्षें, तीस वर्षांचें युद्ध आणि दुसऱ्या महायुद्धांतील बाँबवर्षाव सोसूनही तेथें गरीबच राहत आहेत. त्या सावकाराच्या इतर व्यवहारांविषयीं आमचें मत फारसें चांगलें नाहीं. दानपत्र मात्र त्यानें पक्कें लिहिलें.

पोप महाराज तेरावे लिओ ह्यांनीं १८९१ सालच्या आपल्या प्रसिद्ध परिपत्रांत खाजगी मालकीचा हक्क मान्य केला, आणि मालमत्तेचा उपयोग मात्र गरजवंतांचें भान ठेवून व्हावा असें शिकविलें. फ्रान्सिस पोप महाराजांनीं २०१५ च्या परिपत्रांत घरांच्या टंचाईचा उल्लेख नांव घेऊन केला आहे. म्हणजे हा विषय चर्चच्या व्यासपीठास परका आहे, असें म्हणतां येणार नाहीं.

आतां पुन्हां कळंब्याकडे येऊं. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें, आणि संस्थानच्या जमिनींचा धनी बदलला. १८५४ सालीं स्थापन झालेल्या कोल्हापूर नगरपालिकेची १९७२ सालीं महानगरपालिका झाली. परंतु शहराची हद्द वाढविण्याचा प्रश्न त्यानंतर दशकानुदशकें लोंबकळत राहिला. शहर वाढलें, हद्द वाढली नाहीं. त्यावर तोडगा म्हणून २०१७ सालीं भोंवतालच्या ४२ गांवांसाठीं कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण निर्माण झालें. अशा गांवांची अवस्था मोठी विचित्र असते. इमारती शहराच्या, ग्रामपंचायत गांवची, आणि नकाशा तिसऱ्याच्या हातीं.

ह्या सर्व गांवांत सार्वजनिक जागा म्हणजे मुख्यतः गायरान. गुरें चारण्यासाठीं राखलेली ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या गांवची समजली गेली. गुरें कमी झालीं, माणसें वाढलीं, आणि ज्यांस दुसरीकडे जागा नव्हती त्यांनीं तिच्यावर घरें बांधलीं. कांहींनीं गरजेपोटीं बांधलीं, कांहींनीं धाडसापोटीं बळकावली. दोघांस एका मापानें मोजणें हा अन्याय. सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं एका पंजाबच्या दाव्यांत गांवच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणें काढण्याविषयीं सर्व राज्यांस निर्देश दिले. २०२२ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें महाराष्ट्रांतील गायरानांवरील अतिक्रमणें हटविण्याचा आदेश दिला, तेव्हां राज्यांतील दोन लाखांहून अधिक बांधकामें धोक्यांत आलीं, आणि कोल्हापुरांत मोठा मोर्चा निघाला. न्यायालयाचें म्हणणें चूक नव्हतें: आज ज्यानें गायरान घेतलें, त्यानें उद्यांच्या शाळेची आणि दफनभूमीची जागा घेतली. मोर्च्याचें म्हणणेंही चूक नव्हतें: आधीं जागा दाखवा, मग घर पाडा. मुंबईच्या ट्रस्टनें शंभर वर्षांपूर्वीं उलटा क्रम धरला, त्याचें फळ आपण वर पाहिलेंच.

आपल्या पॅरिशमधील पुष्कळ कुटुंबें भाड्याच्या घरांत राहतात. अकरा महिन्यांचा करार संपला म्हणजे सामान टेंपोंत भरून दुसऱ्या गल्लींत जावें लागतें. कोठें घरमालक नांव ऐकून थबकतो. १९१५ सालीं वसतिगृह काढावें लागलें त्याचें कारण अगदींच इतिहासजमा झालेलें नाहीं. मुलामुलींचीं लग्नें होतात आणि तीं चर्चपासून आणखी एक बसथांबा दूर राहावयास जातात. पॅरिश म्हणजे चालत मिस्सास येणारीं घरें, ही जुनी व्याख्या धरली, तर घरांचा भाव हा धर्मगुरूंच्याही काळजीचा विषय ठरतो. चर्च आणि संस्था ह्यांच्या नांवें जेथें जागा आहेत, तेथें त्या कोणत्या अटीवर व कोणाच्या उपयोगास द्याव्या, हा प्रश्न आपणांसही चुकणार नाहीं; सरकारास उपदेश करणें त्या मानानें सोपें.

संस्थानच्या काळची मोकळी जमीन नव्यानें उत्पन्न होत नाहीं. तथापि आपल्या डोळ्यांदेखत एका प्रकारची सार्वजनिक जागा अजून तयार होत आहे, आणि तिच्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. २०२० सालापासून मुंबई वगळतां बहुतेक महाराष्ट्रास लागू झालेल्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणें ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेचे प्लॉट पाडतांना दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. कळंब्याभोंवतीं जेथें जेथें ऊंस काढून प्लॉट पडतात, तेथें तेथें नकाशांत असा एक हिरवा चौकोन आंखलेला असतो. पुढें त्याचें मैदान होतें, वाहनतळ होतो, किंवा एखाद्या रात्रीं त्याला कुंपण पडतें. त्या वसाहतींतील बिऱ्हाडकरूंस ती जागा आपली आहे हें ठाऊकही नसतें. मंजूर नकाशाची नक्कल प्राधिकरणाच्या कचेरींत मागतां येते, आणि सातबाऱ्यावर त्या गटापुढें कोणाचें नांव लागलें आहे, हें पाहण्यास एक अर्ज आणि अर्धा दिवस एवढेंच लागतें.